बाबूलालसाठी आणलेले टेबल

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. माझे तीन पाय सागाचे आणि एक बाभळीचा, म्हणून मी जरा डुगडुगते.

बपेरा गावच्या एका सुताराने मला घडवले. माझी उमेदीची वर्षे मोहाडीला परसरामच्या हॉटेलात गेली. सकाळपासून माझ्यावर पोह्यांच्या प्लेटा आणि चहाचे ग्लास आदळत. एखादे गिऱ्हाईक माझ्यावर थाप मारून म्हणे, "पक्का माल आहे बे हा!" तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे परसराम वारला, हॉटेल बंद पडले आणि मी आठवडी बाजारात जुने सामान विकणाऱ्या धनीरामच्या ढिगात येऊन पडले. अख्खा पावसाळा मी एका मोडक्या कूलरखाली काढला. माझा एक पाय कुजून गेला. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

दसरा झाला. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली. त्या दिवसांत जवळच्याच गावची कुंताबाई बाजारात आली. तिने मला हलवून पाहिले.

"घरी ह्यायले लकवा मारला. खाली बसता येत नाही," ती म्हणाली.

"मंग खाटेवरच देत जा ना बाई जेवाले," धनीराम म्हणाला.

"देतोच ना. भिंतीकडे तोंड करून जेवतेत ते. अर्धं ताट तसंच वापस येते."

धनीरामने माझा कुजलेला पाय उपटून काढला. त्याने मला बाभळीचा पाय ठोकून दिला.

कुंताबाईने त्याच ढिगातून सलूनमधली एक जुनी खुर्ची निवडली. तिला दोन्ही बाजूंना हात होते, म्हणजे नवरा, बाबूलाल, कलंडणार नाही. स्टीलची ताटेही तिने तिथूनच घेतली. प्रत्येक ताटावर वेगळ्याच घरचे नाव कोरलेले होते.

नव्या तांदळाचा पहिला भात खायला तिने मुलांना बोलावले. आसगावहून रीना आली, नागपूरहून पिंटू आला. संध्याकाळी कुंताबाईने माझ्यावर आपली विटलेली सुती साडी अंथरली. टवका उडालेल्या बरणीत अंगणातला झेंडू ठेवला. भात, वांग्याची भाजी, वडे आणि खीर मांडली. बाबूलालची दाढी करून त्याला खुर्चीत बसवले. मित्रांनो, हॉटेलात हजारो माणसे माझ्यावर जेवली, पण इतक्या मायेने मला कोणीच सजवले नव्हते.

"आई, ह्या ताटावर तं पुष्पाबाईचं नाव लिहून आहे!" रीना हसली.

"नाव कोणाचंही राहू दे. भात आपला आहे."

बाबूलालही हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. लकवा मारल्यापासून त्याची वाचा गेली होती आणि त्याला हसताना कुणी पाहिले नव्हते. तो डाव्या हाताने हळूहळू जेवू लागला. भात ओठांच्या कोपऱ्यातून सांडत होता. मग त्याला ठसका लागला आणि शिते पिंटूच्या ताटापर्यंत उडाली.

पिंटूने ताट मागे ओढले. "आई, बाबाले कायले इथं बसवलं? मले जेवण जाऊन नाही राहिलं."

बाबूलालने हातातला घास ताटात परत ठेवला.

"हे टेबल मी त्याईच्याचसाठी आणलं," कुंताबाई म्हणाली. "तुले किळस येत असन, तं तू अंगणात जाऊन बस."

पिंटू खरोखरच ताट घेऊन उठला आणि बाहेर गेला. रीनाने पदराने वडिलांची हनुवटी पुसली. कुंताबाई घास घेऊन विनवत राहिली, "एक घ्या. नवा भात आहे." त्याने तोंड उघडले नाही.

त्यानंतर बाबूलाल कधीच माझ्याजवळ बसला नाही. कुंताबाई रोज त्याचे ताट माझ्यावर मांडायची, त्याला हाक मारायची. तो भिंतीकडे वळायचा. मग ती ताट उचलून खाटेपाशी न्यायची. थंडी वाढत गेली तसे त्याचे खाणे कमी होत गेले. होळीच्या आधी तो गेला.

तेरवी झाल्यावर पिंटू माझ्यावर डोके टेकून रडला. "आई, मी त्या दिवशी तसं बोलाले नोको होतं..."

कुंताबाई दारातच उभी राहिली. "मले कायले सांगतं आता? ज्याईले सांगाचं होतं, त्याईले सारं ऐकू येत होतं."

आता ती चुलीपाशी जमिनीवर बसून एकटी जेवते. मी पडवीत उभे आहे. माझ्यावर खताच्या पिशव्या आहेत आणि पायांना वाळवी लागली आहे. येत्या हिवाळ्यात कुणी मला फोडून चुलीत घातले तरी माझी तक्रार नाही, लाकडाचे शेवटी तेच होते. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हळू जेवत असेल, कुणाच्या हातून सांडत असेल, तर आपले ताट मागे ओढू नका. त्यांच्याजवळ सरकवा. आज रात्रीच सरकवा.