दोन तळवे

"गार पिशवी गरम निघतेच कशी, सांग ना! एका शाळेत पोरीचा पाय मुरगळला, सरांनी आपल्या कारखान्याची पिशवी दाबून धरली, आणि घोटा भाजला तिचा!"

सुपरवायझर पिशव्या भरणाऱ्या ताईवर डाफरत होता.

"मला कशाला झापताय? पोतं पास झाल्याशिवाय मी चिमूटभरसुद्धा भरत नाही."

"पास थंडेरावांनी केलंय. त्यांचा हात चुकत नाही. तूच पोती बदललीस. उद्यापासून येऊ नकोस."

"वा! कुणाचं खापर कुणाच्या डोक्यावर!"

थंडेराव तिथेच उभा होता, मान खाली घालून.

दोन जातींच्या पिशव्या बनायच्या त्या कारखान्यात. मुरगळल्यावर लावायची गार आणि पाठ शेकायची गरम. आतली पाण्याची पुडी फोडली की मीठ विरघळतं. एक मीठ गारठवतं, दुसरं तापवतं. दिसायला दोन्ही पांढरीफेक, साखरेसारखी. म्हणून प्रत्येक पोत्यातली चिमूट थंडेराव ओल्या तळव्यावर घ्यायचा आणि "गार" नाहीतर "गरम" म्हणायचा. सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत गेलं. नावही त्यातूनच पडलं.

परवा घरी चहा पिताना आपल्या कॉलेजातल्या पोरीला त्याने विचारलं होतं, "मीठच ना दोन्ही? मग असं उलटसुलट का वागतात?"

"बाबा, मिठाचे कण एकमेकांना गच्च धरून बसलेले असतात. त्यांना सोडवायला उष्णता लागते. सुटले की पाणी त्यांना घेरतं, तेव्हा उष्णता बाहेर पडते. बाहेर पडलेली जास्त असेल तर गरम. सोडवायलाच जास्त लागली तर कमी पडलेली पाण्यातून ओढतात, म्हणून गार."

"म्हणजे सोडवण्यातच जीव जातो म्हण की. तुझ्या आजीच्या हातातून रिमोट काढून घ्यावा तसं."

पोरगी खो खो हसली. मग एकदम थांबली. "बाबा, ग्लास ठेवा खाली! मला ओढणीनेसुद्धा धरवत नाही, तुम्हाला चटका बसत नाही?"

"सवय आहे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

सवय कसली! हाताला काही कळेनासं होऊन कित्येक महिने झाले होते. चिमूट घ्यायची, डोळे मिटायचे, आणि पोत्याची शिवण बघून बोलायचं. गारवाल्याला पांढरा दोरा, गरमवाल्याला निळा. या खेपेला गरमवालं पोतं पांढऱ्या दोऱ्याने शिवून आलं, आणि थंडेराव फसला.

ताई डबा उचलून दाराकडे निघाली होती.

"थांबा ताई," तो म्हणाला. नळाखाली त्याने दोन्ही तळवे भिजवले. "साहेब, गार-गरम दोन्ही पोत्यांतलं मूठमूठ मीठ एकेका तळव्यावर टाका. कुठलं कुठे, ते बोलू नका."

"आता काय सर्कस करताय, थंडेराव?"

"टाका तर खरं."

सुपरवायझरने टाकलं. मशीनवरची माणसं गोळा झाली. थंडेराव समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. नुसतं ठोकून दिलं असतं, तरी बरोबर यायची शक्यता निम्मी होती. बरोबर आलं असतं तर त्याची जागा राहिली असती, आणि ताई घरी गेली असती.

"बोला की. गरम कुठलं?"

"कळत नाही, साहेब. दोन्ही सारखंच लागतंय. आजचं नाही हे, बरेच महिने झाले. ते पोतं मीच चुकवलं."

तो तसाच उभा, दोन्ही हात पुढे करून.

"अहो दादा, टाका ते! हात बघा तुमचा!" ताईने डबा खाली आपटला आणि त्याला ओढत नळापाशी नेलं. उजवा तळवा लालभडक झाला होता. तिने धार सोडली, तो तळवा चोळत राहिली आणि पुटपुटत राहिली, "कळत नाही का, कळत नाही का..."

थंडेरावाने हात पुसले, एप्रन सोडून खिळ्याला लावला.

"साहेब, ताईंचं काय?"

"बघू."

"बघू नका. सांगा."

सुपरवायझरने कान खाजवला. "येऊ दे तिला उद्या."

"बरं. चला, मला निघायला हवं आता."