माफीचा प्रसंग

दुपारच्या खेळाला प्रेक्षक मोजून नऊ होते. दहावा समीक्षक. बावीस वर्षं एकाच वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारा हा माणूस. भलेभले दिग्दर्शक त्याला टरकून असत. पडद्यावर लेखिकेचं नाव आलं आणि तो पुढे सरकून बसला. पहिलं नाव त्याच्या मुलीचं होतं, आडनाव बायकोच्या माहेरचं. मुलगी चार वर्षं त्याच्याशी बोलली नव्हती.

मध्यंतराच्या आधी एक प्रसंग होता. बाप पाहुण्यांसमोर मुलीची पहिली कथा मोठ्यानं वाचतो, वाक्यावाक्याची साल काढतो. पाहुणे हसून लोळतात. मुलगी दारात कपांचा ट्रे धरून उभी. हे अस्संच घडलं होतं. त्या संध्याकाळी तो स्वतःच्या विनोदावर भलताच खूश झाला होता.

शेवटी सिनेमातला बाप मुलीच्या खोलीत जातो, ‘चुकलं माझं’ म्हणतो, आणि ती त्याच्या गळ्यात पडते. मागच्या रांगेतली बाई हुंदके देत होती. समीक्षक मात्र बाहेर जाऊन जिन्यात बसला. तो त्या खोलीत कधी गेलाच नव्हता.

सहाच्या आत मजकूर द्यायचा होता. कचेरीत त्यानं आधी भरभरून कौतुक लिहिलं. वाचून पाहिलं तर ती सरळसरळ लाच होती. पुसलं. मग कडक लिहिलं, आणि त्यात तोच पाहुण्यांसमोरचा आवाज ऐकू आला. तेही पुसलं. त्यानं बायकोला फोन लावला.

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगू नकोस म्हणाली ती. आणि अहो, या आठवड्यात कुणी चांगलं लिहिलं नाही तर सिनेमा उतरवणार आहेत. काय ते बघा.”

त्यानं तिसऱ्यांदा सुरुवात केली. ‘या सिनेमाची लेखिका माझी मुलगी आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.’ मग जे जसं दिसलं तसं लिहिलं. संवाद जिवंत आहेत. उत्तरार्ध रेंगाळतो. पाहुण्यांचा प्रसंग अंगावर येतो. आणि मोठा दोष एकच: शेवटची माफी खोटी वाटते, कारण असा माणूस इतक्या सहज माफी मागत नाही. लेखिकेनं त्याला स्वस्तात सोडलं आहे.



संपादकांनी पहिली ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला. “हे नाही छापता येणार. नात्यातल्या माणसाच्या कामावर लिहायचं नाही, हा नियम तुम्हीच घालून दिलात ना?”

“मग दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आजच.”

“आज कोण आहे रिकामं?”

“साहेब, पाया पडतो तुमच्या. नुसतं गप्प बसलो तर ती म्हणेल, बापानं ढुंकूनही पाहिलं नाही.”

संपादक कळवळले, पण बधले नाहीत. नियम बरोबरच होता. तोही हे नाकारू शकला नाही. शुक्रवारी त्या जागी जाहिरात आली. सोमवारी सिनेमा उतरला.

त्यानं न छापलेलं परीक्षण बायकोच्या फोनवरून मुलीला पाठवलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बायकोनं पाहिलं आणि त्याच्या हातात दिला.

“उत्तरार्ध लांबलाय, हे पटलं,” मुलगी म्हणाली. आवाज कोरडा होता. “पण माफी खोटी वाटते म्हणता. मग खरी कशी असते बाबा? सांगा ना. मी कधी ऐकलीच नाही, म्हणून मनानं लिहिली.”

दुसऱ्यांच्या हजारो संवादांना नावं ठेवलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सुचेना. ‘चुकलं माझं’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण आता ते तिच्याच सिनेमातून उचलल्यासारखं झालं असतं.

“मी... मी तिकडे येऊ का?” त्यानं कसंबसं विचारलं.

“नको.”

तिनं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता.

“आत्ता नको,” ती म्हणाली.