मुरडशेंगेचा कप्पा

मित्रांनो, मी कुरखेड्याच्या बाजारातलं एक जुनं सागवानी कपाट आहे. कपाट कसलं, नुसते कप्पे! कुणी खण म्हणतं, कुणी खाना. अर्थ एवढाच, की एकाच्या अंगाला दुसऱ्याचा वास लागू नये म्हणून मधे उभी केलेली फळी.

नूर मोहम्मद चाचांचं जडीबुटीचं दुकान. रानातून बायका टोपल्या आणत. हिरडा हिरड्याच्या कप्प्यात जाई, बेहडा बेहड्याच्या. मुरडशेंगेचा कप्पा माझा लाडका. पीळदार शेंगा त्या; उगाळून पोट दुखणाऱ्या लेकरांना चाटवतात. कप्पा उघडला, की उन्हात वाळलेलं रानच दारात येई.

चाचा गेले. त्यांच्या मुलाने, जिशानने, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू चुन्यात घोटून केलेला तोबरा, विकायला घेतला. आता ऐकाल तर नाक धराल. वरच्या कप्प्यात चुना, कोपऱ्यात खर्रा बांधायच्या, लाळेने चिकटलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या. तळाच्या कप्प्यात गिऱ्हाइकं थुंकतात. तांबडी, चिकट पिचकारी, तीवर माश्या. शी! माझ्याच लाकडाची मला ओकारी येते. त्यातच तंबाखूचा डबा कुठे मावेना, म्हणून जिशानने मुरडशेंगेच्या कप्प्याची फळीच उपटली आणि डबा शेंगांना खेटून ठेवला.

गेल्या उन्हाळ्यात चाचांच्या वेळच्या गिऱ्हाईक अंजनाबाई आल्या. त्यांच्या लेकीचं, रिनाचं, तान्हं पोटदुखीने कळवळत होतं. जिशानने खर्रा घोटलेल्या हातानेच शेंगा दिल्या. मला ओरडता येत नाही हो! पण इकडच्या आज्या शेंगेचं टोक स्वतः चावल्याशिवाय लेकराला देत नाहीत.

"थू! जिशान, हे शेंग हाय का खर्रा?"

"थोडा तंबाखू लागला असंन, बाई. धुऊन घ्या ना."

"धुऊन? तुह्या पोरीले, आफ्रीनले, देशीन का अशी धुऊन?"

जिशान हसायला गेला. तोंडात खर्रा, हसू लाल होऊन हनुवटीवर ओघळलं.

त्याची बायको सुलताना आतून आली. "सांगा ना! हसता काय, द्याल का आपल्या पोरीले?" तिने साऱ्या शेंगा नालीत ओतल्या. "थांबा बाई, दुसऱ्या आणून देतो."

"राहू दे माय. तुह्यावर राग नाई. पण इथली शेंग आता हातात घेववत नाई. जातो मीच जंगलात."

भर उन्हात त्या निघाल्या.

संध्याकाळी जिशानने उपटलेली फळी परत ठोकली. सुलतानाने राखेने मला घासलं. वास गेला नाही. तो लाकडात मुरलाय. अंजनाबाई पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, मला चुलीत घातलंत तरी तक्रार नाही. पण ज्या कप्प्यातलं लेकराच्या जिभेवर जातं, त्यात थुंकीचा हात घालू नका.