मस्कतला गेलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, चार पुडांचा स्टीलचा डबा आहे. माझी कडी वाकलेली आहे आणि झाकणाला पोचे पडले आहेत. तरी माझ्याइतका विमानप्रवास तुमच्यापैकी कितीजणांनी केला असेल, सांगा बरे!

औरंगाबादच्या शहागंजमधून शमशादने मला घासाघीस करून विकत घेतले. तिचा नवरा शफीक क्रेनचा मेकॅनिक होता आणि त्याला मस्कतला नोकरी लागली होती. "इसमेंच खाना, घर याद रहेगा," असे तिने त्याला बजावले, तेव्हा मी अगदी फुशारून गेलो.

तिथे मात्र माझे नशीब फिरले. शफीक कामावरून आला की कामगारांनी भरलेल्या खोलीत तसाच आडवा व्हायचा. चहा आणि पाव एवढ्यावर त्याचे भागायचे. माझ्या पुडांत त्याने चक्क नटबोल्ट भरले! ग्रीसच्या वासाने मला रडू यायचे. आणि हा पठ्ठ्या फोनवर सांगायचा, "एकदम मजे में हूँ!" परदेशी गेलेले आमच्याकडचे सगळेच असे बोलतात, घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. शमशादला मात्र वाटायचे, याचे आपल्यावाचून काहीच अडत नाही.

कामावरही त्याचे मन लागेना. एकदा तो क्रेनचा ब्रेक तपासायलाच विसरला. त्याचा फोरमन बद्रीनाथ पैठणचा होता. तो म्हणाला, "शफीकभाई, हात इथं अन् ध्यान औरंगाबादला, असं नाय चालत. कंपनी क्वार्टर द्यायला तयार हाय. भाभीला घेऊन या, नायतर काम सोडा."

शफीक सुटीवर मला घेऊन घरी आला. त्याने मस्कतला चल म्हणताच शमशादने साफ नकार दिला. "तुम तो मजे में हो. मैं आके क्या करूँ?" शफीकला खरे सांगवेना. नोकरी सोडायची, असे त्याने मनाशी ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी शमशादने मला घासायला घेतले. तळाशी ग्रीसचा काळा थर आणि त्यात रुतलेला एक नट! तिने तो नट उकरून काढला आणि शफीकपुढे धरला.

"इसमें कभी खायेच नहीं ना तुम?"

शफीक मोरीपाशी येऊन बसला आणि ढसाढसा रडला. शमशादने पदराने डोळे पुसले आणि त्याला फटकारले, "पागल समझे क्या मेरेकू? टिकट निकालो. मैं आती."

मग काय विचारता! मस्कतला रोज दुपारी माझ्यातून खट्ट्या दाळीचा वास दरवळू लागला. बद्रीनाथही हक्काने एक पूड पुढे ओढायचा. शफीक आता सगळ्यांच्या आधी कामावर हजर व्हायचा आणि ब्रेक दोनदा तपासायचा. करार संपला, तेव्हा त्याने आपणहून नवी सही केली. कंपनीच्या साहेबाला नवल वाटले. शफीक म्हणाला, "साहब, पहले शाम को रूम पे जाता था. अब घर जाता हूँ."

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी दूरदेशी नोकरीला असेल, तर नुसत्या फोनवर त्याची काळजी वाहू नका. जमेल तेव्हा त्याच्याकडे जा, चार दिवस राहा, त्याच्याबरोबर जेवायला बसा. एवढ्याने त्याची नोकरी टिकते आणि माणूसही.