रिम्माआत्या माझ्यावर बसली त्याची गोष्ट

मी तायाच्या रॅकेटची पिशवी बोलतेय. पिशवी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोबी-कांदे येतात, म्हणून आधीच सांगते: मी चांगली लांबरुंद आहे, मला दोन पट्टे आहेत, तीन कप्पे आहेत आणि थोडा तोराही आहे. व्यावसायिक टेनिस खेळणाऱ्या मुलीच्या पाठीवर राहायचं तर तो लागतोच.

माझा जन्म रशियातल्या सारातोव्ह शहराचा. तायाचे वडील गेर्मान तिथे ट्रॉलीबस चालवतात. डेपोत जुन्या बसच्या सीटा काढून टाकल्या, तेव्हा त्यांनी साहेबांना विचारून त्यातलं तपकिरी रेक्झिन घरी आणलं आणि घराखालच्या चांभाराकडून मला शिवून घेतलं. दुकानातल्या पिशव्यांच्या पोटावर वाघ नाहीतर बाण असतो. माझ्या पोटावर 'वृद्ध आणि लहान मुलं घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी राखीव' असं छापलेलं आहे. समोरच्या खेळाडू हसतात. हसेनात का, माझी चेन अजून एकदाही अडकलेली नाही.

माझी मालकीण ताइसिया कुव्शिनोवा, लाडाने ताया. वय एकोणीस. तिचा हात सोन्यासारखा आणि डोकं तापलेल्या तव्यासारखं. चेंडू जाळीत गेला की ती रॅकेट जमिनीवर आपटायची. चूक हाताची आणि मार खायची बिचारी रॅकेट. मोडक्या रॅकेटना शेवटी मांडीवर घ्यायची मीच. तिचे प्रशिक्षक लेव्ह अर्काद्येविच सूर्यफुलाच्या बिया चघळत म्हणायचे, "तुझ्यासमोर दोन खेळाडू असतात बाई. एक जाळीपलीकडे आणि एक तुझ्या टोपीखाली."

मोठ्या क्रमवारीत तायाचं नाव यायचं होतं. त्यासाठी मुख्य फेरीतला एक सामना जिंकून पहिला गुण मिळवायला हवा होता. ती कितीदा तरी त्या दारापर्यंत गेली आणि दरवेळी रॅकेट मोडून परत आली. शेवटी गेर्माननी सांगून टाकलं, "कझानची ही स्पर्धा शेवटची. गुण मिळाला तर खेळ. नाही तर दाताच्या डॉक्टरांच्या कॉलेजात नाव घालतो." तायाचा दातांवर राग नव्हता, पण जन्मभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात बघायच्या कल्पनेने तिला घास गिळवेना.

आता रिम्माआत्या. गेर्मानची थोरली बहीण. बालवाडीत स्वयंपाकीण. तायाची आई दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटायला गेली, तेव्हापासून तायाला वाढवलं ते हिने. देहाने ती ऐसपैस. घरात तिची ये-जा जमिनीला आधी कळते, मग माणसांना.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना दाराशी सगळ्यांनी घटकाभर बसायचं असतं, म्हणजे काम फत्ते होतं म्हणतात. जागा मिळेल तिथे, सामानावरसुद्धा. बोलायचं नाही. मग घरातलं मोठं माणूस उठतं आणि सगळे निघतात. कझानला निघायच्या सकाळी ताया बुटांच्या कपाटावर टेकली, गेर्मान स्टुलावर, लेव्ह अर्काद्येविच उंबऱ्यालगत उकिडवे. आत्या स्वयंपाकघरातून कोबी भरलेले छोटे पाव, म्हणजे पिरोश्की, बांधून धावत आली. बसायला जागा उरली नव्हती. मी तेवढी आडवी पडले होते.

आत्या बसली.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ती साठीला टेकलेली, आणि माझ्या पोटावर काय लिहिलंय ते तुम्हाला माहीतच आहे. पण आत पाच नव्या रॅकेट होत्या. कट्ट, कट्ट, कट्ट असा आवाज झाला. बोलायचं नसतं, म्हणून कोणी बोललं नाही. उठल्यावर आत्या गुडघा चोळत म्हणाली, "मेला हा गुडघा. थंडी यायच्या आधीच वाजायला लागला."

"तेल लाव," गेर्मान म्हणाले. आणि आम्ही निघालो.

मला तोंड असून उपयोग काय? ते चेनने बंद. रात्रभर गाडीत पोटात पाच मुडदे घेऊन मी पडून होते आणि वर ताया पिरोश्की खात होती.

कझानला मैदानावर तिने मला उघडलं. एक रॅकेट काढली, तिची मान वाकडी. दुसरी काढली, तिची कंबर गेलेली. लेव्ह अर्काद्येविचच्या हातातल्या बिया खाली सांडल्या.

"हे कधी केलंस?"

"मी नाही केलं. देवाशपथ, यावेळी मी नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनाही तो गुडघा आठवला.

ताया मटकन खाली बसली. "संपलं. दात काढते आता लोकांचे."

लेव्ह अर्काद्येविच सगळीकडे फिरून आले. पण दात घासायचा ब्रश आणि रॅकेट कोणी उसनी देत नाही. शेवटी त्यांनी माझ्या बाजूच्या कप्प्यात, ओल्या बुटांच्या शेजारी हात घातला. सरावाला चेंडू टोलवायची त्यांची स्वतःची जुनी रॅकेट तिथे होती. मुठीवर पट्टी गुंडाळलेली, रंग उडालेला. आत्याच्या तावडीतून सुटलेली ती एकटीच.

"हीच. ही गेली तर सामना सोडायचा आणि घरी जायचं," ते म्हणाले.

समोर तुला नावाच्या शहरातली उंच मुलगी होती, चेंडू मारायची की धोंडा, कळत नव्हतं. पहिला सेट ताया हरली. दुसऱ्यात तिने एक सोपा चेंडू जाळीत घातला, आणि मी पाहिलं, तिचा हात वर गेला. जुनी रॅकेट डोक्याच्या वर. लेव्ह अर्काद्येविचनी डोळे मिटून घेतले. मीही घेतले असते, पण मला नाहीत.

हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. ताया माझ्याजवळ येऊन बसली, रॅकेट अलगद मांडीवर ठेवली आणि मला दोन्ही मुठींनी बडव बडव बडवलं. सांगते, रेक्झिन आहे म्हणून निभावलं. पंच मान वाकडी करून बघत होते. पिशवीला मारू नये असा नियम त्यांना आठवेना.

त्यानंतर राग आला की ती माझ्याकडे यायची. दोन गुद्दे मला, एक घोट पाणी आणि परत खेळायला. मार खाता खाता माझ्या लक्षात आलं की पुढचा चेंडू ती शांत डोक्याने खेळतेय. दुसरा सेट आमचा झाला. तिसऱ्यात तुलाच्या मुलीने स्वतःची रॅकेट आपटून मोडली. ताया जिंकली. क्रमवारीतला पहिला गुण. ती रडली, लेव्ह अर्काद्येविच रडले आणि माझ्या अंगावर दोघांची नाकं पुसली गेली.

फोनवर आत्या म्हणाली, "बसले होते ना मी नीट? मला वाटलंच होतं."

"हो आत्या, तू बसलीस म्हणूनच," ताया म्हणाली.

घरी परतल्यावर जेवण झालं, पेले उंचावून शुभेच्छा झाल्या. तिसऱ्या पेल्याला लेव्ह अर्काद्येविच उभे राहिले आणि म्हणाले, "आणि रिम्मा, तुम्ही पाच रॅकेट मोडल्या तरी पोरगी जिंकली!"

आत्याच्या हातातला काटा तसाच राहिला.

"कुठल्या पाच?"

तायाने टेबलाखालून लेव्ह अर्काद्येविचना लाथ मारली, पण उशीर झाला होता. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लोक पोरांच्या पाठीशी उभे राहतात. मी मेली बसले." सगळे हसले. ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं. तिच्या वजनाने मला कधी दुखलं नव्हतं, तेवढं या वाक्याने दुखलं.

पेन्झाच्या स्पर्धेला निघायच्या दिवशी सगळे दाराशी बसले. आत्या आली नाही. ती स्वयंपाकघरात घासलेलीच पातेली घासत होती.

"ये ना गं ताई," गेर्मान म्हणाले.

"तुम्ही बसा. माझं काम आहे."

बसलो, उठलो, निघालो. थांब्यावर ट्रॉलीबस आली, दार उघडलं. तायाने एक पाय आत ठेवला आणि बाहेर काढला.

"मागे फिरू नकोस," गेर्मान ओरडले. "निघालेल्या माणसाने घरी परतलं की काम बिघडतं."

"बिघडू दे." ती मला घेऊन जिने चढली. दारातल्या आरशात बघून जीभ काढली, म्हणजे अपशकुनाची वाट लागते म्हणतात. मग मला जमिनीवर आडवं टाकलं.

"आत्या, बस."

"वेडी झालीस? खुर्ची आण, खुर्चीवर बसते."

"खुर्ची माझ्याबरोबर पेन्झाला येत नाही." ताया तिचा हात ओढत म्हणाली. "ऐक. पाच रॅकेट असत्या तर त्या दिवशी मी पाचही आपटल्या असत्या. एकच राहिली म्हणून हात आवरला. लेव्ह अर्काद्येविच इतकी वर्षं सांगून थकले, ते तू एका बैठकीत शिकवलंस. आता बस, गाडी चुकेल."

तेवढ्यात धापा टाकत गेर्मान वर पोहोचले. त्यांनी न सांगताच माझी चेन उघडली आणि नव्याने घेतलेल्या सगळ्या रॅकेट सरपणासारख्या कवेत घेऊन उभे राहिले.

आत्याने ॲप्रनला हात पुसले, डोळे पुसले आणि बसली. आधी अर्धी, भीत भीत. मग पूर्ण. माझी एक शिवण उसवली. मी हूं की चूं केलं नाही.

सध्या मी पेन्झाच्या गाडीत खालच्या बाकाखाली आहे. शिवण मासे धरायच्या गळाच्या दोरीने टाचली आहे. तायाला चाकांची नवी पिशवी घेऊन देतो असं गेर्मान म्हणाले होते. ती नको म्हणाली, चाकांवर आत्या घसरेल. उद्या ती जिंकेल की हरेल, मला माहीत नाही. बहुतेक मला मार पडेल, आणि तो मी आनंदाने खाईन.

तुमच्या घरून कोणी लांब निघालं आणि एखादं जड, मायेचं माणूस सामानावर बसलं, तर माझं एवढंच मागणं आहे. आत मोडण्यासारखं असेल ते काढून हातात धरा. त्या माणसाला मात्र उठवू नका.