दहाचा पीळ

आर्लोची रायफल आईने सोडतीत देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही.

आमच्याकडे वणवा विझवणाऱ्या टोळीतला कुणी गेला की टोळीतले लोक सोडत काढतात, तिकिटं खपवतात, जमलेलं घरच्यांना देतात. बक्षीस म्हणून रायफलच असते, दुसरं काय असणार. या वेळी बक्षीस विकत आणावं लागलं नाही, गेलेल्याचीच रायफल होती. ती लागली बॉइसी शहरातल्या कुठल्यातरी दातांच्या डॉक्टरला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, फार वाईट झालं. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. शिकारीचे होते, महागडे, आणि चिखलाचा एक ठिपका नाही.

आर्लो माझा मोठा भाऊ. ऑगस्टमध्ये गेला. आगीतसुद्धा नाही, आग विझली होती. जळून उभं राहिलेलं एक झाड पडलं, हा खाली होता. संपलं.

लोक सांत्वनाला जेवणाचे कॅसरोल घेऊन येत होते तेव्हा मी गॅरेजात त्याच्या टेबलापाशी बसायचे. काडतुसं तो स्वतः भरायचा. दुकानातली काडतुसं म्हणजे त्याच्या मते दुसऱ्याने चावून दिलेला घास. टेबलावर एक हिरवा डबा होता, त्यात त्याने शेवटची भरलेली वीसेक काडतुसं. एकेक काढून बघायचे, परत ठेवायचे. रडायला येईल असं वाटायचं. नाही यायचं. पाय बधिर होतो ना, तसं सगळं अंग.

मग माझं ठरलं. ऑक्टोबरात हरणांचा हंगाम उघडतो. दरवर्षी आम्ही दोघं अंधारात ओढ्यापासून चढायला लागायचो, उजाडताना कड्यावर. या वर्षी मी एकटी जाणार, एक नर पाडणार, आणि तो आर्लोच्या काडतुसाने. बाकी कशातच माझं मन नव्हतं. शाळा मी फेब्रुवारीतच सोडलेली, मोटेलमध्ये चादरी बदलते. मला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, म्हणजे बंदूक माझ्या नावावर घेता येत होती.

लाइल मामाचं दुकान म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. अर्ध्यात बंदुका, अर्ध्यात कुत्र्याचं खाणं.

"मला टू-फोर्टीथ्री पाहिजे, आर्लोच्याच मापाची. हलकी."

"आधी मामा कसा आहेस, असं विचारतात माणसं."

"मामा कसा आहेस. टू-फोर्टीथ्री. हलकी."

"किती हलकी?"

"आर्लोची मी एकदा वर नेली होती. दुसऱ्या दिवशी मान वळत नव्हती."

"ती रायफल नव्हती, रेल्वेचा रूळ होता." मामाने मागून दोन काढून काउंटरवर ठेवल्या. "ही घे. सिक्स-फाइव्ह. दुर्बीण लावूनसुद्धा सात पौंडांच्या आत. नळीला आठचा पीळ आहे. लांब गोळी घाल, आखूड घाल, शिशाची घाल, तांब्याची घाल, सरळ जाणार."

"आणि ती दुसरी?"

"ती टू-फोर्टीथ्री. आणखी हलकी. पण दहाचा पीळ. जुन्या पद्धतीची."

मी दुसरीच उचलली. खांद्याला लावली. बसली, जशी काही माझ्या मापाने कापलीय.

"मार्नी, सिक्स-फाइव्ह घे म्हणतोय ना मी."

"तिच्यात आर्लोची काडतुसं बसत नाहीत."

मामाने चष्मा काढला, शर्टाला पुसला. शर्ट चष्म्यापेक्षा मळका होता.

"आण बघू."

मी जॅकेटमधून हिरवा डबा काढला. त्याने एक काडतूस उजेडात धरलं.

"यात दारू कुठली भरलीय?"

"माहीत नाही."

"किती?"

"माहीत नाही."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"काही नाही. मारणारा मीच, मग लिहू कुणासाठी, म्हणायचा."

"मग विषय संपला." त्याने काडतूस परत डब्यात ठेवलं, पण हळूच. "दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. दुसऱ्याचा टूथब्रश घालतेस का तोंडात? त्याने हे त्याच्या नळीसाठी भरलंय, ठासून भरलं असणार, मला तो माहीत आहे. माणूस राहिला नाही की त्याची काडतुसं उकलायची असतात. गोळी वेगळी, दारू वेगळी. शेजारचा डेल गेला तेव्हा त्याची मीच उकलली. त्याच्या बायकोने दारू गुलाबांना घातली, खत म्हणून. असंच करतात, पोरी."

"आर्लो दुसरा कुणी नाहीये."

"ते नळीला कळत नाही."

माझं डोकं सटकलं. समोर कुत्र्याच्या खाण्याचं पोतं होतं, त्याला लाथ घातली. पोतं फाटलं, दाणे जमिनीवर पसरले. मामाने नळी साफ करायचा गज काढला, टोकाला घट्ट चिंधी लावली आणि माझ्यासमोर धरला.

"तूच मोज. म्हणजे मामा खोटं बोलतो असं नको."

मोजायचं मला येत होतं. आर्लोनेच शिकवलेलं. नळीच्या आत आटे असतात, पिळासारखे, गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते. गज आत सरकवत जायचा, आट्यांबरोबर तो गोल फिरतो. एक पूर्ण फेरी व्हायला जितके इंच आत जाईल, तेवढ्याचा पीळ. मी गजावर पेनाने खूण केली आणि ढकलत गेले. खूण फिरून परत वर आली. पट्टी लावली. दहा.

आर्लोच्या नळीचा साडेसात होता. त्या नळीसाठी तो वर्षभर थांबला होता.

"ही गोळी बघ केवढी लांब आहे," मामा म्हणाला. "लांब गोळीला जोरात फिरवावं लागतं. आपला लांबट फुटबॉल फेकताना मनगट फिरवलं नाही तर काय होतं?"

"लटपटतो."

"दहाच्या पिळातून ही तशीच जाणार. लोळत."

"मी जवळून मारीन."

"जवळूनसुद्धा लोळतच जाईल. हरणाच्या पोटात आडवी घुसेल, आणि रक्त शोधत तू दिवसभर रान तुडवशील."

"नाही लोळली तर?"

"नाही लोळली तर माझे केस परत उगवतील." मामाने टकलावरून हात फिरवला. "सिक्स-फाइव्ह घे."

"ही देणार नसशील तर मी सॅल्मन गावाला जाऊन दुसऱ्याकडून घेईन."

मामाने विक्रीचे कागद काढले. रायफलबरोबर त्याने दुकानातला काडतुसांचा एक डबा ठेवला, आखूड गोळीचा.

"हीच मारायची. शपथ घे."

"शपथ."

त्याचा विश्वास बसला नव्हता. माझाही नव्हता. झाडू घेऊन मी दाणे भरले आणि निघाले.

रविवारी खडीच्या खाणीत गेले. खाण बंद असते, कुणी नसतं. वारा होता, हवा कोरडी आणि थंड. केळ्याच्या खोक्यावर पांढरा कागद चिकटवला आणि मागे येऊन पिकअपच्या बॉनेटवर जॅकेट पसरून त्यावर रायफल टेकवली.

आधी मामाची मारली. तीन. पुढे जाऊन बघितलं, तिन्ही भोकं गोल, एकमेकांना खेटून. दुसरी कुणी असती तर उड्या मारल्या असत्या. मी परत चालत आले.

मग आर्लोची.

पहिल्याचा धक्का वेगळाच होता. मामाच्या काडतुसाने खांद्याला ढकललं होतं, याने मारलं. रिकामं काडतूस काढायला बोल्टची मूठ वर उचलायला गेले, हलेना. तळहाताने ठोकला तेव्हा सुटला. रिकामं काडतूस बाहेर पडलं, त्याच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी दाबून सपाट झालेली. याचा अर्थ मला कळत होता, आत दाब फार झाला. दुर्बिणीतून बघितलं तर कागदावर नवं भोक दिसेना.

चालत गेले. भोक होतं, खूप बाजूला, खोक्याच्या कडेला. भोक म्हणजे चीर. गोळी आडवी शिरली होती. तिचं टोक, तिचं पोट, तिची शेपटी, सगळा आकार पुठ्ठ्यावर कापून काढलेला.

लोळली.

मी परत आले आणि दुसरं भरलं. का, ते विचारू नका. ते आणखी लांब लागलं, तेही आडवंच. मग तिसरं. तिसऱ्याला तोंडावर काहीतरी गरम आलं, गालाला सुया टोचल्यासारखं झालं. बोल्ट इतका अडकला की बुटाच्या टाचेने मारून उघडावा लागला. टोपीभोवती सगळं काळं झालं होतं. वायू मागून निसटला होता. डोळे वाचवायचा चष्मा मी घातला नव्हता.

मी बंपरवर बसले. आता काहीतरी वाटेल असं वाटलं. भाऊ आठवेल, नाहीतर निदान भीती. पोट गार होतं, बोटं गार होती. खोक्यावरचा कागद एका कोपऱ्यात सुटून फडफडत होता आणि मी तो बघत बसले. बराच वेळ.

घरी आई सिंकपाशी उभी राहून वाडग्यातून सीरिअल खात होती. ऑगस्टपासून तिचं जेवण ते. तिने गालाकडे बघितलं, वाडगा ठेवला, फडकं ओलं केलं आणि माझी हनुवटी धरून पुसायला लागली. काळे ठिपके निघेनात.

"काय भरलं होतंस?"

"आर्लोची."

तिचा हात थांबला. मग परत पुसायला लागला.

"डोळा गेला असता."

"गेला नाही."

"मार्नी, मी एकच पोर—"

"त्याची रायफल असती तर यातलं काही झालं नसतं!" मी ओरडले. फडकं हिसकावून फेकलं. "त्याच्याच नळीची काडतुसं होती ती! तू रायफल दातांच्या डॉक्टरला देऊन टाकलीस! एकदासुद्धा मला विचारलं नाहीस!"

"नाही विचारलं."

"का?"

आई भिंतीकडे बघत होती. तिथे दोन खुंट्या आहेत, रायफल तिथे असायची.

"तो बाहेर गेला की ती घेऊन जायचा," ती म्हणाली. "ती खुंटीवर असली म्हणजे तो घरात. इतकी वर्षं मी तेच बघत आले, आधी खुंटीकडे बघायचं, मग किती ताटं मांडायची ते ठरवायचं. तो गेला आणि ती इथेच. रोज सकाळी मी दोन अंडी जास्त फोडायचे."

मी फडकं उचलून सिंकच्या कडेला ठेवलं.

"किती राहिली?" तिने विचारलं.

"काय?"

"काडतुसं."

"आहेत. दीड डझन तरी."

"आण ती. रायफल पण आण. लाइलकडे जाऊ."

मामाने दार उघडलं. माझा गाल बघितला, आईकडे बघितलं, आणि बाजूला झाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने बोल्ट काढून घेतला, दिव्याखाली धरला, नाकातून श्वास सोडला. मग खणातून पोकळ डोक्याची प्लॅस्टिकची हातोडी काढली. तिच्या डोक्यात काडतूस बसवायचं आणि फरशीवर आपटायचं, की गोळी सैल होऊन पोकळीत पडते. गोळी आणि दारू, दोन्ही.

पहिलं आईने घेतलं. गुडघ्यांवर बसली आणि आपटायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सुटलं.

"शेजारी म्हणणार, लाइल रविवारी कोंबड्या मारतोय," मामा म्हणाला. त्याने दारू ताटलीत ओतली आणि सवयीने काट्यावर ठेवली. दुसरं मी आपटलं, तेही त्याने तोललं. तिसरंही.

"काय झालं?" मी विचारलं.

"मर्यादेच्या वर भरलंय. त्याच्या लांब नळीत चालत असेल, चालत होतं. पण बघ ना, तिन्ही सारखी. काटा हलत नाही. दाण्याचा फरक नाही."

"त्याच्या मोज्यांची जोडी कधी जमली नाही," आई म्हणाली.

आम्ही आळीपाळीने आपटत राहिलो. हात दुखायला लागला, ते बरं वाटलं. शेवटची चार राहिली तेव्हा आई उठली आणि स्टुलावर बसली. ती मी केली. बाहेर खडीवर मामाने दारूची लांब ओळ ओतली आणि काडीपेटी माझ्या हातात दिली. ती दारू उघड्यावर फुटत नाही, नुसती जळते. पिवळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, सू असा आवाज करत, आणि संपली. खडीवर काळा पट्टा राहिला. आईने कोटाची बटणं लावली.

आत आल्यावर मामाने टू-फोर्टीथ्री मागच्या टेबलावर ठेवली.

"ही पूर्ण उघडून तपासावी लागेल. तोपर्यंत कुणाला देता येणार नाही. हंगाम शनिवारी उघडतोय. जाणारेस?"

आई बाहेरच्या दाराकडे बघत होती. तीही ऐकत होती.

"जाणार," मी म्हणाले. "ती सिक्स-फाइव्ह दे."

"आठचा पीळ."

"हो."

त्याने ती काउंटरवर ठेवली. मी खांद्याला लावली. दस्ता जरा लांब होता माझ्यासाठी, मान पुढे काढावी लागत होती.

"थोडा कापून देतो," मामा म्हणाला. "उद्या ये. काडतुसं कुठली घेतेस?"

"आहेत ती दे."

त्याने दोन डबे ठेवले, एक जड गोळीचा, एक हलक्या. "दोन्ही सरळ जातील. जड असेल तर वाऱ्यात कमी सरकते, हलकी असेल तर धक्का—"

हाताशी होता तो डबा मी उचलला.