गिऱ्हाइकाची खुर्ची

बुटांच्या त्या दुकानात गादीच्या खुर्च्या होत्या सहा, आणि सहाही गिऱ्हाइकांसाठी. विक्रीच्या बायकांनी सकाळी दहापासून उभं राहायचं, हा मालकाचा नियम. उभं माणूस उत्साही दिसतं म्हणे. स्वतः मालक गल्ल्यामागे असा रुतून बसायचा, की त्याच्या उत्साहाबद्दल न बोललेलंच बरं.

सूनबाई तिथे सात वर्षं उभी होती. घरी सासूबाईंना अलीकडे काही आठवेना. गेल्याच आठवड्यात त्या गॅस सुरू ठेवून फिरायला निघाल्या होत्या. दिवसभर त्यांच्याजवळ बसणारी शेजारीण आता आठवडाभर लेकीकडे गेली, आणि मालकाने तर बजावलं होतं, "आणखी एक सुट्टी घेतलीस तर परत येऊच नकोस."

नवऱ्याने हात वर केले. "मला ऑफिस आहे. तुला काय, दुकानात नुसतं उभंच तर राहायचं." धाकट्या दिराने सहलीला जाता जाता फोनवरून आईच्या सेवेचं महत्त्व समजावलं. दोघांचंही आईवर भारी प्रेम. फक्त ते करायला सूनबाई लागायची.

मग तिने सासूबाईंना ठेवणीतले कपडे घातले, हातात पर्स दिली आणि दुकानाशेजारच्या औषधवाल्याकडे दहा मिनिटं बसवलं. दुकान उघडल्यावर त्यांना आणून स्वतःच दार धरलं. "या आजी, बसा."

पर्स बघून मालक विरघळला. पाणी आलं, पंखा त्यांच्याकडे वळला. दुपारपर्यंत सासूबाईंनी चौदा जोड घालून पाहिले. एकच काळा जोड त्यांना चार वेळा नव्याने आवडला. शेवटी मालक स्वतः खाली बसला. ज्या पायांची नखं काढायला दोन मुलांना कधी वेळ झाला नाही, ते पाय मांडीवर घेऊन तो बूट चढवत होता.

तीन वाजता मात्र त्याचा धीर सुटला. "आजी, घेणार ना नक्की? आलात कुणाबरोबर?"

सूनबाईने घाईने पुढचा खोका उघडला. सासूबाईंनी नुसतं तिच्याकडे बोट दाखवलं असतं तरी नोकरी गेली असती. आणि त्यांनी बोट दाखवलंच.

"ही पोरगी सकाळपासून उभी आहे. आधी हिला बसवा, मग बघते."

मालकाने मुकाट्याने खुर्ची ओढली. सूनबाई बसली. सात वर्षांत पहिल्यांदा.

"आमच्या घरीही अशीच एक आहे," सासूबाई मालकाला सांगत होत्या. "बसतच नाही बिचारी. मुलांना म्हणणार असते, बसू द्या रे तिला. पण घरी गेलं की विसरते."

सूनबाईने खाली वाकून उगीचच बुटाची नाडी सोडली.

मालक हळहळला. "काय एकेक लोक असतात हो! आज ठरत नसेल तर उद्या निवांत या, आजी. ही असतेच इथे उभी."